मुंगीचे आम्ल आणि हातातून निसटणारे तास

विषारी दारूच्या बातम्यांचा एक ठरलेला साचा आहे. पहिल्या दिवशी मृतांचा आकडा पाच-सात असतो. दुसऱ्या दिवशी तो पंचवीस-तीसवर जातो, तिसऱ्या दिवशी आणखी वर. मग काही पोलिस निलंबित होतात, हातभट्ट्या फोडल्याची छायाचित्रे छापून येतात, मदतीची घोषणा होते किंवा मदत का देऊ नये यावर वाद रंगतो. आठवडाभरात सारे शांत होते. या गदारोळात एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पहिला रुग्ण रुग्णालयात आला त्या वेळी जे अजून घरी होते, चालत-बोलत होते आणि नंतर दगावले, त्यांना वाचवता आले असते का?

वैद्यकशास्त्राचे उत्तर असे आहे, की त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना वाचवता आले असते. कारण या माणसांचा जीव घेणारे रसायन बाटलीत नसतेच. बाटलीत असते ते त्याचे मूळ. प्रत्यक्ष घातक रसायन पिणाऱ्याच्या यकृतात तयार होते आणि ते साठायला कित्येक तास जातात. त्या रसायनाचे नाव आहे फॉर्मिक आम्ल. सेंद्रिय आम्लांच्या कुळातले हे सर्वांत साधे, सर्वांत लहान आम्ल. त्याची ओळख नीट करून घेतली, तर विषारी दारूचे मृत्यू हा निव्वळ कायदा-सुव्यवस्थेचा किंवा व्यसनाचा प्रश्न उरत नाही. तो उपचार वेळेत न मिळाल्याचा प्रश्नही आहे, हे लक्षात येते.

मुंगीपासून कारखान्यापर्यंत

लॅटिन भाषेत मुंगीला ‘फॉर्मिका’ म्हणतात. त्यावरून या आम्लाला नाव मिळाले. सतराव्या शतकात युरोपातल्या काही चौकस मंडळींच्या लक्षात आले होते, की मुंग्यांच्या वारुळावर निळी फुले टाकली, तर मुंग्यांच्या स्पर्शाने ती लालसर होतात. निळ्याचा लाल होणे ही आम्लाची खूण. जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकाने अशी निरीक्षणे १६७० च्या सुमारास रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातून जगापुढे मांडली. पुढे १७४९ मध्ये आंद्रेआस मारग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मुंग्यांचे ऊर्ध्वपातन करून हे आम्ल बऱ्यापैकी शुद्ध रूपात मिळवले. बीटच्या कंदातून साखर वेगळी करणारा मारग्राफ तो हाच. एकोणिसाव्या शतकात मार्सेलिन बर्थेलो या फ्रेंच शास्त्रज्ञाने कार्बन मोनॉक्साइड या वायूपासून ते प्रयोगशाळेत तयार केले आणि मुंग्यांची गरज संपली.

आंब्याच्या झाडावर पाने एकमेकांना शिवून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्या ज्यांना चावल्या आहेत, त्यांना या आम्लाची ओळख आहेच. या मुंग्या चावतात आणि चावल्या जागी पोटाच्या टोकातून आम्लाचा फवारा सोडतात. जखमेवर आम्ल पडल्यामुळे आग होते. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये याच मुंग्यांची ‘चापडा’ नावाची आंबट चटणी आवडीने खाल्ली जाते. चटणीपुरते हे आम्ल अगदी थोडे असते, त्यामुळे त्यातून विषबाधा होत नाही.

इथे एक जुना गैरसमजही दूर करायला हवा. मधमाशी चावली की फॉर्मिक आम्ल टोचले जाते, म्हणून त्यावर खाण्याचा सोडा चोळावा, असे अनेक पिढ्या शाळेत शिकल्या. प्रत्यक्षात मधमाशीच्या विषात मुख्यतः मेलिटिनसारखी प्रथिनवर्गी द्रव्ये असतात. सोड्याने त्यांचे काही बिघडत नाही. काटा लवकर काढणे, त्या जागी बर्फ लावणे आणि धाप लागली, ओठ-चेहरा सुजला तर ताबडतोब दवाखाना गाठणे, हेच योग्य.

फॉर्मिक आम्लाच्या एका रेणूत एक कार्बन, दोन हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन एवढेच अणू असतात. ते रंगहीन असते, वासाला नाकात झोंबणारे. सुमारे १०१ अंश सेल्सिअसला उकळते आणि ८ अंशांच्या आसपास गोठते. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल त्याचे थोरले भावंड. त्यात कार्बन दोन. पण धाकटे जास्त तिखट आहे. फॉर्मिक आम्ल ॲसेटिक आम्लापेक्षा सुमारे दहापट तीव्र. ते संहत रूपात अंगावर सांडले तर त्वचा भाजते, पोटात गेले तर अन्ननलिका जाळते.

उद्योगांत त्याला मोठी मागणी आहे. केरळमध्ये आणि आता सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग परिसरातही रबराच्या झाडांचा चीक साकळवून त्याच्या लाद्या करण्यासाठी हे आम्ल वापरतात. चामडे कमावताना, कापड रंगवताना, जनावरांचा मुरघास टिकवताना त्याचा उपयोग होतो. भांड्यांवरचे क्षारांचे थर काढणाऱ्या काही द्रावणांतही ते असते. अशी द्रावणे पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवणे म्हणजे घरात अपघाताला जागा करून देणे. मोठ्या कारखान्यांत हे आम्ल बनवण्यासाठी मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइड वापरतात. मिथेनॉलपासून फॉर्मिक आम्ल होते, हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण वेगळ्या वाटेने माणसाचे यकृतही हेच काम करते.

एका कार्बनचा फरक

दारूत नशा आणणारे द्रव्य म्हणजे इथेनॉल. मिथेनॉल हे त्याचेच भावंड. एकोणिसाव्या शतकापर्यंत ते लाकूड बंद भांड्यात तापवून मिळवत, म्हणून त्याला ‘वुड स्पिरिट’ म्हणत. विसाव्या शतकात ते नैसर्गिक वायू आणि कोळशापासून प्रचंड प्रमाणात तयार होऊ लागले. रंग, व्हार्निश, प्लायवूडचा गोंद, औषधनिर्मिती अशा कितीतरी ठिकाणी ते लागते. दिसायला पाण्यासारखे, वासाला दारूसारखे, चवीतही ओळखू न येणारे. पिण्याच्या मद्यावर भरावा लागणारा कर त्यावर नसतो, त्यामुळे ते स्वस्त पडते. लोभी माणसाला एवढे पुरेसे असते.

यकृत इथेनॉल आणि मिथेनॉल या दोघांनाही एकाच यंत्रात घालते. ‘अल्कोहोल डिहायड्रोजिनेज’ हे त्या यंत्राचे, म्हणजे विकराचे, नाव. इथेनॉलपासून आधी ॲसिटाल्डिहाइड आणि मग ॲसेटिक आम्ल होते. व्हिनेगरमधले हे आम्ल शरीर इंधनासारखे जाळून टाकते. मिथेनॉलपासून आधी फॉर्माल्डिहाइड होते. शवागारात अवयव टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनमध्ये हेच असते. पण ते रक्तात फार वेळ टिकत नाही. त्याचे झपाट्याने फॉर्मिक आम्लात रूपांतर होते. आणि इथे गाडी अडते. फॉर्मिक आम्लाची विल्हेवाट लावायला माणसाच्या शरीराला फॉलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वाची मदत लागते, आणि ती वाट फार अरुंद आहे. रोजच्या चयापचयात तयार होणारे किंवा फळांच्या रसातून येणारे थोडेसे फॉर्मिक आम्ल या वाटेने सहज निघून जाते. पण एखादा पेला मिथेनॉल पोटात गेले, की आम्ल तयार होण्याचा वेग ते बाहेर पडण्याच्या वेगाला कितीतरी मागे टाकतो आणि ते साठत जाते.

साठलेले आम्ल दोन प्रकारे घात करते. एक तर रक्ताची आम्लता वाढते. ती कमी करण्यासाठी रुग्ण खोल आणि जलद श्वास घेऊ लागतो. दुसरे असे, की पेशींमध्ये ऑक्सिजनचा वापर करून ऊर्जा निर्माण करणाऱ्या साखळीतला शेवटचा विकर हे आम्ल अडवते. सायनाइडही याच विकरावर हल्ला करते. फॉर्मिक आम्लाचा हल्ला त्यापेक्षा सौम्य, पण जागा तीच. रक्तात प्राणवायू असतो आणि तरीही पेशी गुदमरतात. ज्या पेशींना ऊर्जा सतत लागते, त्या आधी मरतात. डोळ्यांची नस आणि मेंदूच्या तळाशी असलेली, हालचालींवर नियंत्रण ठेवणारी केंद्रे त्यात पहिली. म्हणून विषारी दारूचा रुग्ण ‘समोर धुके दिसतंय’, ‘बर्फ पडल्यासारखं पांढरं दिसतंय’ असे सांगतो. जे वाचतात, त्यांच्यापैकी काहींची दृष्टी कायमची जाते. काहींना कंपवातासारखी लक्षणे उरतात.

रक्त आम्लधर्मी झाले, की हेच आम्ल पेशींत आणखी सहज शिरते. म्हणजे आम्लता वाढली की विषबाधा वाढते आणि विषबाधा वाढली की आम्लता. या दुष्टचक्रात एकेक तास महत्त्वाचा ठरतो. वैद्यकीय ग्रंथांत सर्वसाधारणपणे असे दिले जाते, की शुद्ध मिथेनॉल अवघे १० मिलिलिटर पोटात गेले तरी अंधत्व येऊ शकते आणि ३० मिलिलिटरने मृत्यू. ३० मिलिलिटर म्हणजे दोन मोठे चमचे.

उंदराला होत नाही, माणसाला होते

मिथेनॉल विषारी आहे, हे वैद्यकाला पटायला वेळ लागला. अनेकांना वाटे, की विष मिथेनॉलचे नसून त्यातल्या अशुद्ध घटकांचे असावे. त्याचे एक कारण उंदीर. प्रयोगशाळेतले उंदीर मिथेनॉल पाजल्यावर गुंगत, पण आंधळे होत नसत. त्यांच्या यकृतातला फॉलेटचा मार्ग रुंद असल्यामुळे फॉर्मिक आम्ल साठतच नाही, हे पुढे कळले. माकडांचे यकृत या बाबतीत माणसासारखे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी माकडांना मिथेनॉल न देता नुसते फॉर्मेट, म्हणजे फॉर्मिक आम्लाचा क्षार, दिले. रक्ताची आम्लता वाढलेली नसतानाही त्यांच्या डोळ्यांच्या नसेच्या मुखाशी तशीच सूज आली. खरा गुन्हेगार सापडला.

उतारा मात्र त्याच्याही आधी, निरीक्षणातून सापडला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नॉर्वेत ओलुफ रो या डॉक्टरने अशा रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. मिथेनॉलबरोबर साधी दारूही ज्यांच्या पोटात गेली होती, ते तुलनेने बरे राहत, असे त्याला दिसले. कारण सोपे आहे. यकृतातल्या त्या विकराला मिथेनॉलपेक्षा इथेनॉल कितीतरी अधिक प्रिय. इथेनॉल समोर असेल तोवर तो मिथेनॉलकडे पाहतही नाही. तोवर मिथेनॉलचे आम्ल होत नाही आणि ते श्वासावाटे, लघवीवाटे किंवा डायलिसिसने बाहेर काढायला अवधी मिळतो.

म्हणजे दारूच्या विषबाधेवर दारूच उतारा, हे कानाला विचित्र वाटले तरी शास्त्रीय सत्य आहे. पण त्याचा अर्थ घरी आणखी एक पेला पाजावा असा मुळीच नाही. रक्तातले प्रमाण एका ठराविक पातळीवर तासन्‌तास टिकवावे लागते, रुग्णाचा श्वास आणि साखर सांभाळावी लागते. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतले, तर ते फुप्फुसात जाऊन तो तिथेच गुदमरू शकतो. शिवाय घरातली बाटली त्याच भट्टीची असेल तर? हा उपचार रुग्णालयातच व्हायला हवा.

गेल्या काही दशकांत फोमेपिझोल हे औषधही आले. तोच विकर ते अडवते, पण नशा आणत नाही आणि मात्रा सांभाळायला सोपे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. आपल्याकडे ते सहजासहजी हाती येत नाही, आणि मिळाले तरी महाग पडते. मात्र बाकीचा उपचार दुर्मीळ नाही. आम्लता उतरवणारे सोडियम बायकार्बोनेटचे सलाइन सर्वत्र असते. फॉर्मिक आम्ल जाळायला मदत करणारे फोलिनिक आम्ल कर्करोग विभागांत ल्युकोव्होरिन या नावाने नेहमी वापरले जाते. डायलिसिस यंत्रे आता बहुतेक जिल्हा रुग्णालयांत आहेत. मिथेनॉल आणि फॉर्मिक आम्ल दोन्ही डायलिसिसने रक्तातून चांगल्या प्रकारे निघतात. अडचण साधनांपेक्षा वेळेची आहे.

हरवलेले तास

मिथेनॉल प्यायल्यावर सुरुवातीचे काही तास साध्या दारूसारखेच जातात. रात्री प्यालेला माणूस झोपतो. सकाळी डोके दुखते, मळमळते, पोटात कळ येते. घरच्यांना वाटते, कालची अजून उतरली नाही. लिंबूपाणी, काळी कॉफी, ताक असे घरगुती उपाय होतात. त्यांतल्या एकानेही आम्लावर काडीचा फरक पडत नाही. खरी लक्षणे साधारण १२ ते २४ तासांनी दिसू लागतात. मिथेनॉलमध्ये साधी दारूही मिसळलेली असेल तर आणखी उशिरा, कारण तोवर ती नकळत उतारा म्हणून काम करत असते. नजर धूसर होते, श्वास वाढतो, आणि तोपर्यंत आम्ल भरपूर साठलेले असते.

हा उशीर शरीरशास्त्राचा झाला. त्यावर माणसांनी आणलेला उशीर चढतो. कामावरून सुटताना वीस-तीस रुपयांची पिशवी तोंडाला लावणारा हा माणूस बहुतेकदा हमाल, बिगारी, रिक्षाचालक, सफाई कामगार असतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याविना दारू पिणे हासुद्धा गुन्हा आहे. मग ‘सरकारी दवाखान्यात नेलं तर पोलिस येतील’ ही भीती घरातल्या बाईच्या मनात असते. शेजारी कळेल ही लाज असते. ज्याने विकली तो वस्तीतला दांडगा असतो, त्याचीही भीती. ‘डॉक्टरला दारूचं सांगू नका, पोट बिघडलंय म्हणा’ असा सल्ला कोणीतरी देतो. डॉक्टर पोटदुखीची गोळी देतात. रुग्णालयाच्या दारात पोहोचूनही आणखी काही तास जातात.

मुंबईत मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे दगावली. त्याआधी २००४ मध्ये विक्रोळीत ऐंशीहून अधिक. गुजरातमध्ये दारूबंदी असताना २००९ मध्ये अहमदाबादेत शंभराहून अधिक आणि २०२२ मध्ये बोटाद परिसरात चाळीसहून अधिक बळी गेले. बोटादच्या घटनेत तर दारू गाळण्याचेही कष्ट घेतले नव्हते. कारखान्याकडचे मिथेनॉल पाणी घालून विकले गेले. दारूबंदी असलेल्या बिहारमध्ये डिसेंबर २०२२ ला सारण जिल्ह्यात, आणि दारूबंदी नसलेल्या तमिळनाडूत जून २०२४ ला कल्लकुरिचीत हेच घडले. म्हणजे बंदी असावी की नसावी या वादाचे उत्तर या मृत्यूंतून मिळत नाही. दोन्हीकडे समान दुवा एकच : उद्योगासाठी बनलेले मिथेनॉल पिणाऱ्याच्या पेल्यापर्यंत पोहोचणे.

हे फक्त गरिबांच्या वाट्याला येते असेही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग विएंग या पर्यटनस्थळी सहा परदेशी पर्यटक अशाच मद्याने मेले. २०२० मध्ये करोनाच्या काळात, दारूने विषाणू मरतो या अफवेपायी इराणमध्ये शेकडो लोकांनी मिथेनॉल पिऊन जीव गमावला.

मरणाऱ्याचा दोष पाहून उपचाराची निकड ठरवण्याची खोड जुनी आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकात दारूबंदी होती. औद्योगिक अल्कोहोल लोकांनी पिऊ नये म्हणून सरकारने त्यात मिथेनॉल मिसळणे सक्तीचे केले होते आणि पुढे त्याचे प्रमाण वाढवले. लोक पीत राहिले आणि मरत राहिले. न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस यांनी याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. सरकारला लोक पितात हे ठाऊक आहे, तरीही ते विष मिसळते, म्हणून या मृत्यूंची नैतिक जबाबदारी सरकारवरच येते, अशी त्यांची भूमिका होती. शवविच्छेदनाच्या टेबलावर माणूस पाहणाऱ्या डॉक्टरला ‘त्याने प्यावीच कशाला’ हा प्रश्न पुरेसा वाटला नाही. आजही तो पुरेसा नाही.

काय करता येईल

उलट उदाहरणही आहे. चेक प्रजासत्ताकात सप्टेंबर २०१२ मध्ये मिथेनॉलच्या मद्याने लोक मरू लागले. सरकारने काही दिवसांतच देशभर २० टक्क्यांहून अधिक तीव्रतेच्या मद्याची विक्री थांबवली. संशयित रुग्णांना रुग्णालयात पोहोचण्याआधीच, रुग्णवाहिकेतच इथेनॉल देण्यास सुरुवात झाली. ज्यांना ते लवकर मिळाले, त्यांच्यात जगण्याचे प्रमाण चांगले आढळले. बळी तिथेही गेले, सुमारे पन्नास. पण पहिला रुग्ण म्हणजे पुढच्या रुग्णांची सूचना, हे तिथल्या यंत्रणेने ओळखले.

आपल्याकडे हे करण्यासाठी नवे संशोधन लागत नाही. पहिली गोष्ट, विषारी दारूचा एक रुग्ण निश्चित झाला की त्याच रात्री त्या वस्तीत घरोघर फिरून बाकीचे पिणारे शोधले पाहिजेत. आशा सेविका, आरोग्य कर्मचारी, नगरसेवक, मंडळांची पोरे, ध्वनिक्षेपक लावलेली रिक्षा, जे हाताशी असेल ते. लक्षणे नसलेल्यांनाही तपासणीला आणायचे, कारण लक्षणे नसलेला माणूसच सर्वांत सहज वाचतो. पोलिसांनी भट्टीवाल्याला शोधावे. आरोग्य यंत्रणेने पिणाऱ्याला. ही दोन कामे एकाच गाडीतून होऊ नयेत.

दुसरी गोष्ट, उपचाराला आलेल्या माणसावर पिण्यासाठी गुन्हा नोंदवला जाणार नाही, असे शासनाने स्पष्ट शब्दांत आणि कायमस्वरूपी जाहीर करावे. विषबाधेची नोंद पोलिसांकडे होणे आवश्यकच आहे. पण ती नोंद उपचारानंतरची. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवले आहे, की जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य. कागदपत्रे आणि पोलिसी सोपस्कार त्यानंतर. हे डॉक्टरांना माहीत असते. झोपडपट्टीतल्या बाईलाही ते माहीत असायला हवे.

तिसरी गोष्ट, प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात या विषबाधेचा एक पानाचा लेखी क्रम भिंतीवर हवा आणि त्यातली औषधे कपाटात. फोमेपिझोल प्रत्येक तालुक्यात ठेवणे परवडणार नसेल, तर विभागीय साठा ठेवून ते रातोरात पोहोचवता येईल. तोवर औषधी दर्जाचे इथेनॉल, बायकार्बोनेट आणि फोलिनिक आम्ल एवढ्यावरही सुरुवात होते. आज अनेक ठिकाणी उताऱ्यासाठी इथेनॉल कोठून आणायचे, कोणाच्या सहीने आणायचे, यावरच खल होतो. रुग्ण आल्यावर हा प्रश्न पडणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे. मिथेनॉल मोजण्याची सोय सगळीकडे नसते, पण रक्तातील वायूंची तपासणी बऱ्याच ठिकाणी होते. दारूचा इतिहास, धूसर नजर आणि इतर कारणाने न उलगडणारी आम्लता एवढे एकत्र दिसले, की प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता उतारा सुरू करावा.

चौथी गोष्ट मिथेनॉलच्या हिशेबाची. विष अधिनियम, १९१९ नुसार विषांच्या विक्रीवर नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहेच. पण नियम कागदावर आणि पिंप ट्रकमध्ये, असे होता कामा नये. कारखान्यातून निघालेले प्रत्येक टँकर, प्रत्येक पिंप कोणाकडे गेले आणि तिथे किती वापरले गेले, याचा ताळा कोणीतरी रोज जुळवायला हवा. जिथे उत्पादनाला बाधा येत नाही, तिथे मिथेनॉलमध्ये गडद रंग आणि तोंडात धरवणार नाही असे कडू द्रव्य मिसळणे सक्तीचे करता येईल. नीती आयोगाने मिथेनॉलचा इंधन म्हणून वापर वाढवण्याचा पुरस्कार केला आहे. आसामात २०१८ मध्ये स्वयंपाकासाठी मिथेनॉलच्या शेगड्यांचा प्रयोगही सुरू झाला. इंधन म्हणून त्याचे फायदे असतील. पण जे रसायन आज कारखान्याच्या भिंतीआड असूनही गळते, ते उद्या पंपावर आणि घरात येणार असेल, तर रंग आणि कडवटपणा आधी, वितरण नंतर, हा क्रम सोडू नये.

हे म्हणताना दुसरी बाजूही मांडायला हवी. पिणाऱ्यावर गुन्हा नको म्हटले की व्यसनाला उत्तेजन मिळते, असा आक्षेप येतो. व्यसनमुक्तीसाठी आयुष्य वेचणाऱ्या कार्यकर्त्यांची ही भीती समजण्यासारखी आहे. गावात दारूची बाटली आडवी करण्यासाठी बायकांनी किती सोसले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण व्यसन सोडायला माणूस आधी जिवंत राहावा लागतो. रुग्णालयातून वाचून घरी जाणारा माणूस आणि त्याचे भेदरलेले कुटुंब यांच्याशी व्यसनमुक्तीबद्दल बोलायची त्याहून चांगली वेळ क्वचितच मिळते. त्याच रुग्णालयात त्याची डोळ्यांची तपासणी आणि समुपदेशन ठरवून दिले, तर दोन्ही कामे साधतात.

वाचकांसाठी एवढेच पुरे, की दारूला ज्वाळा लावून ती निळी की पिवळी हे पाहून, वास घेऊन किंवा चव घेऊन मिथेनॉल ओळखता येत नाही. कोणीही कोठलीही दारू प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली, धाप लागली, पोटात असह्य दुखू लागले, तर ती ‘कालची उतरली नाही’ असे समजू नये. झोपू देऊ नये, लिंबू पाजत बसू नये, उलटी करवू नये. सरळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना काय, किती आणि किती वाजता प्यायले, हे खरे सांगावे. बाटली किंवा पिशवी उरली असेल, तर सोबत न्यावी. बरोबर कोण कोण प्यायला बसले होते, तेही सांगावे. त्या नावांपैकी कोणीतरी अजून घरी झोपलेला असू शकतो.